आगगाडी गेली, सायकलवाट उरली

पन्नाशीच्या आसपासच्या माणसाच्या रक्तातली साखर वाढलेली दिसली, की डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक तोंडी सल्लाही देतात. चाला, पोहा किंवा सायकल चालवा. माणूस मान डोलावतो. घरी आल्यावर जिन्याखालची सायकल बाहेर निघते. तिच्यात हवा भरली जाते, साखळीला तेल घातले जाते. चौथ्या-पाचव्या दिवशी मागून आलेली बस कोपराला घासून गेल्यासारखी जाते, किंवा उड्डाणपुलाच्या चढावर अशी धाप लागते की उतरून उभे राहावे लागते. सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, तेव्हा उत्तर ठरलेले असते, "वेळच मिळत नाही हो!"

वेळेची सबब डॉक्टरांनाही कळते आणि रुग्णालाही. खरी कारणे दोन असतात, गाड्यांची भीती आणि चढाची धास्ती. आपण मात्र सगळा दोष आळसावर ढकलतो आणि निश्चय, शिस्त, इच्छाशक्ती यांवर व्याख्याने देतो. माझे म्हणणे असे, की व्यायाम ही जितकी निश्चयाची बाब आहे तितकीच ती रस्त्याच्याही आखणीची आहे. भीती आणि चढ ही दोन्ही कारणे काढून टाकली तर साधी, सवय नसलेली माणसेही मैलोनमैल सायकल चालवतात. हे ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी स्पेनच्या ग्रामीण भागात जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या सायकलवाटा पाहाव्यात.

स्पेनमध्ये या वाटांना 'व्हियास व्हेर्देस' म्हणतात. शब्दशः अर्थ हिरव्या वाटा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले अनेक रेल्वेमार्ग तोट्यात गेले आणि बंद पडले. काही खाणींसाठी बांधलेले होते, त्या खाणी संपल्या. काहींचा माल ट्रक पळवू लागले. १९९३ मध्ये या कामाची पाहणी सुरू झाली, तेव्हा देशात साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग वापराविना पडून होते. रूळ उखडलेले, स्टेशनांची छपरे कोसळलेली, बोगद्यांत वटवाघळे. स्पॅनिश रेल्वे फाउंडेशन, केंद्र सरकार, प्रांत आणि गावांच्या नगरपालिका यांनी मिळून या जागांवर चालणारे, सायकलवाले आणि चाकाच्या खुर्चीतून फिरणारे यांच्यासाठी वाटा करायला सुरुवात केली. मोटारींना आणि मोटारसायकलींना मज्जाव. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

या वाटांचे आरोग्याच्या दृष्टीने सर्वात मोठे वैशिष्ट्य सायकलवाल्यांसाठी कोणी आखलेलेच नव्हते. ते आले आगगाडीच्या एका जुन्या अडचणीतून. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी प्रतिरोधाने घरंगळते. म्हणूनच एक इंजिन शेकडो टन माल ओढू शकते. पण हाच गुण चढावर उलटतो. शंभर मीटर अंतरात दोन मीटर चढायचे म्हटले, तर हळू चालणाऱ्या गाडीला सपाटीच्या सुमारे दहापट जोर लावावा लागतो. त्यात गुळगुळीत चाकाची पकड कमी, त्यामुळे चढ वाढला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून रेल्वेच्या इंजिनिअरांनी डोंगर चढण्याऐवजी तो पोखरला, ओढ्यात उतरण्याऐवजी त्यावर उंच पूल टाकला आणि जिथे तेही जमले नाही तिथे मैलभर वळसा घेतला. स्पेन हा युरोपातला चांगलाच डोंगराळ देश. तरीही या वाटांवर चढ सहसा शंभराला तीनपेक्षा जास्त नसतो.

वाफेच्या इंजिनासाठी घेतलेले हे कष्ट माणसाच्या गुडघ्यांना कसे उपयोगी पडतात, ते थोड्या हिशेबाने पाहू. समजा, पंचाहत्तर किलोचा माणूस आणि सामानासह पंधरा किलोची सायकल. वेग तासाला बारा किलोमीटर, म्हणजे रमतगमत. दाबून बसवलेल्या बारीक खडीच्या सपाट वाटेवर या माणसाला पॅडलवर चाळीसेक वॅटची शक्ती लावावी लागते. शंभराला दोन असा चढ आला तर ती शंभर वॅटच्या आसपास जाते. आणि शंभराला सहा असा चढ आला, जो साध्या रस्त्यावर अगदी नेहमीचा, तर सव्वादोनशे वॅटच्या जवळ. सवय नसलेल्या मध्यमवयीन माणसाला शंभर वॅट तासभर टिकवणे जेमतेम जमते. सव्वादोनशे वॅटला त्याची काही मिनिटांतच दमछाक होते. स्नायूंना लागेल तितका ऑक्सिजन हृदय आणि फुप्फुसे पुरवू शकत नाहीत, मांड्या भरून येतात, नाडी धावू लागते. गिअर बदलून हळू जाता येते हे खरे, पण वेग चालण्याइतका उतरला की सायकल डुगडुगते आणि मग उतरणेच बरे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या साधारण तिप्पट ते सहापट ऊर्जा लागणारा. त्याची घरगुती परीक्षा अशी, की बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. आपल्या त्या पंचाहत्तर किलोच्या माणसाचे चाळीस ते शंभर वॅट जवळजवळ नेमके याच मर्यादेत बसतात. म्हणजे रेल्वेचा चढ आणि डॉक्टरांचा सल्ला यांचे माप योगायोगाने एकच निघाले! शिवाय शरीराचे बरेचसे वजन सीटवर असल्याने गुडघ्यांवर धावण्यासारखा आघात होत नाही. सांधे कुरकुरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

झाला चढाचा प्रश्न. भीतीचे काय?

मोटारींच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचे निम्मे लक्ष पाठीमागे असते. हॉर्न वाजला की खांदे आखडतात, हँडलवरची पकड घट्ट होते. ज्याला अशी सायकल रोज चालवावी लागते त्याला विचारा, थकवा पायांना कमी आणि मनाला जास्त येतो. वाहतुकीचा आवाज हा तर स्वतंत्रपणे आरोग्याचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे. त्यापुढे झोप आणि हृदय या दोहोंवर परिणाम होण्याचा धोका सांगितला आहे.

तिसरी गोष्ट हवेची. व्यायाम करताना श्वास खोल आणि जलद होतो, त्यामुळे धूरही जास्त आत जातो. मग धुरात सायकल चालवावी की नाही? केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये या प्रश्नाचा एक गणिती अंदाज मांडला गेला. हवेतील अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल तर व्यायामाचा फायदा तोट्यापेक्षा कितीतरी जास्त ठरतो. हेच प्रमाण शंभरवर गेले, तर दिवसाला दीड तासापेक्षा जास्त सायकल चालवणाऱ्याच्या बाबतीत तोटा फायद्याला मागे टाकू शकतो. म्हणजे धुरातसुद्धा अर्धा तास सायकल चालवलेली बरी, घरी बसण्यापेक्षा. पण दिवसभर सायकल चालवायची तर हवा स्वच्छच हवी. जुन्या रेल्वेमार्गाची वाट शेतांमधून, दऱ्यांमधून जाते. तिथे दिवसभराची सायकलसफर ही आरोग्याशी केलेली तडजोड ठरत नाही.

या वाटांपैकी एकच निवडायची झाली तर मी आंदालुसिया प्रांतातली तेलाची वाट निवडेन. हाएन शहरापासून कोर्दोबा जिल्ह्यातल्या पुएंते हेनिलपर्यंत ती १२८ किलोमीटर जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग बांधला गेला तो ऑलिव्हचे तेल बंदरांकडे नेण्यासाठी. लोक त्याला तेलाची गाडीच म्हणत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती बंद पडली. हाएन जिल्ह्यात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत असे मानले जाते. ती आकड्यात कळत नाहीत, सायकलवरून कळतात. तासभर पॅडल मारले तरी दोन्ही बाजूंना त्याच राखाडी-हिरव्या ओळी टेकड्यांवर चढत-उतरत असतात. मध्येच एकोणिसाव्या शतकातले लोखंडी पूल लागतात, त्यांवर आता लाकडी फळ्या आहेत. ग्वादाहोस नदीवरच्या पुलावर जिल्हा बदलतो. लुके गावाजवळ खाऱ्या पाण्याचे तळे आहे, पाऊस झालेल्या हंगामात तिथे पाणपक्षी उतरतात. पुढे सुएरोस हे पांढऱ्या भिंतींचे गाव कड्याला चिकटलेले दिसते. जुन्या स्टेशनांपैकी काहींत आता खाणावळी आहेत, काही ठिकाणी सायकली भाड्याने मिळतात. भूक, तहान आणि पंक्चर या प्रवासाच्या तीन चिंता. त्यांची सोय स्टेशनांच्याच अंतराने झाली आहे.

दुसरी वाट याहून गमतीची. काडिस जिल्ह्यातल्या पुएर्तो सेर्रानोपासून ओल्वेरापर्यंतची ही 'सिएरा' वाट ३६ किलोमीटरची आहे. तिच्यावर तीस बोगदे आणि चार उंच पूल आहेत. सर्वात लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा. १९२० च्या दशकात हे काम जोरात सुरू झाले, मग पैसा आटला, यादवी युद्ध आले आणि काम राहिले ते राहिलेच. या मार्गावरून नियमित आगगाडी कधी धावलीच नाही. वाटेत साफ्रामागोन नावाचा प्रचंड सुळका आहे. त्याच्या कपारींत ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत आहे. सायकल थांबवून मान वर केली की दोन-अडीच मीटर पंखांची गिधाडे घिरट्या घालताना दिसतात. हा पल्ला एका दिवसात संपतो. शाळकरी मूल आणि त्याची आजी, दोघांनाही तो बेताबेताने जमण्यासारखा आहे.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की शांतता म्हणजे निव्वळ सुख. पण ही शांतता आली कुठून, हेही पाहिले पाहिजे. तेरुएल जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ओहोस नेग्रोसच्या लोखंडाच्या खाणींतून भूमध्य समुद्राकाठच्या सागुंतोपर्यंत खनिज नेण्यासाठी खाणकंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःचा रेल्वेमार्ग बांधला. शेजारून आधीच एक रेल्वे जात होती, पण तिच्या भाड्यावरून जमले नाही म्हणून दुसरी! १९७२ च्या सुमारास तो बंद पडला आणि आज त्यावर दीडशे किलोमीटरहून लांब सायकलवाट आहे. पण तेरुएलमध्ये दर चौरस किलोमीटरला माणसे राहतात अवघी नऊ-दहा. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार हा आकडा ३६५ आहे. तरुण माद्रिद-व्हॅलेन्सियाला गेले, शाळा बंद झाल्या, दवाखाने दूर गेले. 'तेरुएलही अस्तित्वात आहे' या घोषणेची तिथे चळवळ झाली आणि मार्च २०१९ मध्ये अशा ओस पडणाऱ्या जिल्ह्यांतले लोक माद्रिदच्या रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्यांत रेल्वेही होती.

पाहुण्याला जी वाट वाहनमुक्त म्हणून आवडते, ती गावातल्या म्हातारीच्या लेखी बंद पडलेली गाडी असू शकते. तिला हृदयविकाराच्या तपासणीसाठी शहरात जायचे असेल, तर सायकलवाट कामाची नाही. म्हणून रेल्वे बंद करून सायकलवाट केली हे आरोग्यधोरण म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. गाडी गेल्यावर जागा तरी वाया जाऊ दिली नाही, एवढेच श्रेय घ्यावे. तेही लहान नाही. जमिनीची ती लांबच लांब पट्टी एकदा तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती तर ना गाडी परत आली असती, ना वाट झाली असती. सलग सार्वजनिक पट्टी टिकवणे हीच यातली खरी कमाई आहे.

आता प्रश्न, या वाटांचा आरोग्याला फायदा नेमका कोणाला? जाहिरातींत दिसतो तो परदेशी पाहुणा, आठवडाभर पिशव्या लटकवून फिरणारा. त्याला आनंद मिळतो, दोन दिवस पाय दुखतात, मग तो घरी जातो. पण व्यायामाचे पुण्य साठवता येत नाही. सोडला की काही आठवड्यांत दमसास उतरू लागतो. मधुमेहात स्नायूंची साखर शोषण्याची वाढलेली क्षमता तर दोन-तीन दिवसांतच ओसरू लागते. म्हणून आरोग्याच्या हिशेबात वाटेचे १२८ किलोमीटर महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाचे आहेत ते मार्तोस किंवा लुसेनासारख्या गावांच्या अंगणातून जाणारे दोन-तीन किलोमीटर, जिथे माणसे रोज संध्याकाळी येऊ शकतात.

रोजच्या सायकलीचे मोल सांगणारे पुरावे आहेत. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये पाहणीच्या काळातला मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा जपून वाचावा. जे मुळात धडधाकट आहेत तेच सायकल चालवत असण्याचा संभव असतो आणि अशा पाहणीतून तो पूर्णपणे वगळता येत नाही. पण वेगवेगळ्या देशांतले निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात.

ज्यांना अशी सफर करायची आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. आंदालुसियात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वाटेवर सावली थोडी, तेव्हा वसंत किंवा शरद ऋतू निवडावा. दोन गावांमध्ये पाणी मिळेलच असे धरू नये. बोगद्यांसाठी सायकलला दिवा हवा, आणि जिथे वाट मोटार-रस्ता ओलांडते तिथे उतरून ओलांडावे, कारण दिवसभर गाडी न दिसल्याने नजर सैलावलेली असते. सीट इतकी उंच ठेवावी, की पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे आणि खिशात साखर ठेवावी. हृदयविकार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये.

आणि ज्यांना स्पेनला जायचे नाही, जाता येणार नाही, त्यांचे काय? आपल्याकडे जुने रेल्वेमार्ग आहेत म्हणून त्यांवर वाटा करा, असे मी म्हणणार नाही. विदर्भातल्या शकुंतलेचा नॅरोगेज मार्गही असाच एका पिकासाठी, कापसासाठी बांधला गेला. पण तिथल्या लोकांना गाडीच हवी आहे, ब्रॉडगेजची. तेरुएलचा धडा ऐकायचा तर त्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

स्पेनमध्येच आणखी एक नमुना आहे, तो आपल्याला जवळचा. देशाच्या उत्तरेकडच्या पठारावर १७५३ ते १८४९ या काळात कास्तियाचा कालवा खोदला गेला. लांबी २०७ किलोमीटर. त्यातून धान्याचे पडाव जात आणि ते काठावरून चालणारी खेचरे ओढत. पुढे रेल्वे आली, पडाव थांबले. खेचरांच्या त्या वाटेवर आज लोक चालतात, सायकली चालवतात. कारण पुन्हा तेच. पाणी चढ चढत नाही, म्हणून कालव्याकाठची वाटही चढत नाही.

महाराष्ट्रात कालव्यांची वाण नाही. धरणातून निघालेला कालवा डोंगराच्या कुशीकुशीने समपातळीत जातो. त्याचा उतार किलोमीटरला मीटरभरही नसतो. देखभालीसाठी त्याच्या कडेने सरकारी मालकीचा कच्चा रस्ताही असतो. आज त्यावर कुठे काटेरी झुडपे आहेत, कुठे कचरा, कुठे अतिक्रमण. वाट करायची तर पाण्याच्या बाजूला कठडा हवा, मोटारसायकली अडवणारे खांब हवेत, अंधारात दिवे हवेत, आणि शेतकऱ्याची बैलगाडी व ट्रॅक्टर यांची सोय आधी व्हावी. हे सगळे करण्याचा खर्च आहे. पण जमीन विकत घ्यायची नाही, डोंगर फोडायचा नाही. गावालगतचे तीन किलोमीटर करून पाहावेत. संध्याकाळी कोण येते ते मोजावे. शाळेच्या मुली आल्या, साठीच्या बायका आल्या, तर वाट बरोबर आखली असे समजावे. टी-शर्टवर क्लबचे नाव असलेले धडधाकट तरुणच तेवढे आले, तर काहीतरी चुकले.

डॉक्टरांचा सल्ला बरोबरच आहे, तो देत राहावा. मात्र त्याच्यापुढे रुग्णाने "कुठे चालवू?" असे विचारले, तर ती पळवाट समजू नये. तो प्रश्न नगरपालिकेकडे, जलसंपदा खात्याकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधीकडे न्यायचा आहे. स्पेनच्या गावांनी तीसएक वर्षांपूर्वी तो विचारला होता, आणि त्यांना उत्तर गावाबाहेरच्या गंजलेल्या रुळांवर सापडले.